लकडगंज लाकूड बाजार

लकडगंज लाकूड बाजार हा महाराष्ट्रातील नागपूर शहराच्या पूर्व भागात, लकडगंज परिसरात असलेला इमारती लाकडाचा बाजार आहे. येथे आरागिरण्या, लाकडाच्या वखारी (स्थानिक बोलीत 'टाल'), प्लायवूडची दुकाने, दारे-चौकटी तयार करणारे छोटे कारखाने आणि सुतारांच्या कार्यशाळा एकमेकांना लागून आहेत. बहुतेक व्यवसाय कौटुंबिक मालकीचे असून सूक्ष्म व लघुउद्योगांच्या वर्गात मोडतात. मध्य भारतातील सागवानाच्या व्यापारासाठी हा बाजार ओळखला जातो.

नाव आणि स्थान

लाकूड या अर्थाचा 'लकडी' हा हिंदी शब्द आणि कोठार किंवा बाजारपेठ या अर्थाचा 'गंज' हा मूळ फारसी शब्द यांवरून परिसराचे नाव पडले आहे. लकडगंज हे नागपूर महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी एका झोनचेही नाव आहे. लाकूड बाजार हा त्या झोनचा एक लहान भाग होय. इतवारी व गांधीबाग या जुन्या घाऊक पेठा पश्चिमेस आहेत. लगतच्या बगडगंज भागात 'स्मॉल फॅक्टरी एरिया' या नावाने ओळखली जाणारी छोट्या कारखान्यांची वसाहत आहे. नागपूर मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गिकेचा सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. त्यावरील टेलिफोन एक्सचेंज हे स्थानक या परिसराजवळ आहे.

सागवानाचा पुरवठा

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनांमधून निघणारे सागवान व्यापारात आजही 'सी.पी. साग' म्हणून ओळखले जाते. ब्रिटिशकालीन मध्य प्रांत हा प्रशासकीय विभाग इतिहासजमा झाला, परंतु त्याच्या नावाची आद्याक्षरे लाकडाच्या भावफलकावर टिकून राहिली. कोरड्या पानझडी वनांत सागाची वाढ संथ होते. येथील लाकूड रंग, रेषा आणि टिकाऊपणा यांसाठी नावाजलेले आहे. बल्लारशाह व आलापल्ली ही त्याच्या विक्रीची प्रमुख केंद्रे असून तेथील आगारांतून लाकडाचा लिलाव होतो. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरात आहे. दिल्लीत २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी नागपूरहून नेलेले सागवान वापरण्यात आले.

खासगी जमिनीवरील सागही बाजारात येतो. मात्र तो तोडण्यास महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये परवानगी लागते, तर वाहतुकीसाठी वनविभागाचा वाहतूक परवाना आवश्यक असतो. ओंडक्यावरील हातोड्याची खूण आणि सोबतचा परवाना यांचा मेळ बसला नाही, तर उत्तम प्रतीचा मालही वखारीत उतरवता येत नाही.

मोजमाप

गोल लाकडाची खरेदी-विक्री 'चतुर्थांश घेर' पद्धतीने होते. ओंडक्याच्या मध्यावरील घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग केला जातो व त्याला लांबीने गुणले जाते. उदाहरणार्थ, ४ फूट घेराचा व १० फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने १० घनफूट भरतो. भूमितीनुसार त्याचे खरे घनफळ सुमारे १२.७ घनफूट असते. म्हणजे या पद्धतीत खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८.५ टक्केच लाकूड मोजले जाते. उरलेला भाग चिरकामातील घट म्हणून सोडून दिलेला असतो. प्रत्यक्ष घट त्याहून कमी राखणे हे आरा चालवणाऱ्या मिस्त्रीचे कौशल्य होय. ओंडका वाकडा, पोकळ किंवा गाठींचा असल्यास ती बरीच वाढते, आणि पहिला काप कोणत्या बाजूने घ्यायचा या निर्णयावर व्यापाऱ्याचा नफा अवलंबून राहतो. अनेक आरागिरण्या स्वतः लाकूड न विकता इतरांचे लाकूड घनफुटामागे ठरलेल्या मजुरीवर चिरून देतात. कडेच्या ढलप्या आणि भुसा जळणासाठी विकला जातो.

परवाना पद्धती आणि तिचे परिणाम

टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाद विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने देशभरातील वनाधारित उद्योगांची स्थिती बदलली. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने केंद्रीय सक्षमता समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय नवी आरागिरणी, व्हिनिअर किंवा प्लायवूडचा कारखाना सुरू करण्यास राज्यांना मनाई करण्यात आली. वनांवरील ताण कमी करणे हा त्यामागील हेतू होता. मात्र लहान उद्योगाच्या दृष्टीने परिणाम असा झाला की, जुना परवाना हीच यंत्रसामग्रीपेक्षा मोलाची मालमत्ता ठरली. ज्या कुटुंबाकडे परवाना होता त्याचा व्यवसाय टिकला, तर कौशल्य व भांडवल असूनही नव्याने येणाऱ्याला दार जवळपास बंद झाले.

पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर परवानगीचा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे आला. या समित्या लाकडाची उपलब्धता तपासून निर्णय घेतात. परवाना ठरावीक जागेसाठी असल्याने गिरणी हलवण्यासही नव्याने मंजुरी लागते व वनांपासूनचे अंतर पाहिले जाते.

आयात लाकूड आणि प्लायवूड

म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून न चिरलेल्या लाकडाच्या निर्यातीवर बंदी घातल्यानंतर 'बर्मा साग' दुर्मीळ झाला. भारतीय बाजारात त्याची जागा आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील लागवडीच्या सागाने घेतली. हे लाकूड मुख्यतः गुजरातमधील कांडला व मुंद्रा या बंदरांतून देशात येते. कमी वयात तोडलेल्या या झाडांत पक्क्या गाभ्याचे प्रमाण कमी आणि बाहेरच्या पांढरट भागाचे जास्त असते. त्यामुळे ते स्वस्त पडते, परंतु सी.पी. सागाइतके टिकत नाही. रंग चढवलेल्या चौकटीत हा फरक सामान्य ग्राहकाला ओळखता येत नाही. लाकडाच्या व्यापारात कच्छी पाटीदार समाजातील कुटुंबे देशभर मोठ्या संख्येने आहेत आणि लकडगंजातही त्यांचे वास्तव्य आहे. दुसरीकडे प्लायवूड, एमडीएफ, अ‍ॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसी यांनी घरबांधणीतील सागाची अनेक कामे घेतली.

उद्योग की व्यापार

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार अशा उद्योगांच्या मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. आरागिरणी किंवा दारे बनवणारा कारखाना उत्पादक असल्याने या संरक्षणास पात्र ठरतो. केवळ लाकूड विकणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ मध्ये नोंदणीची मुभा मिळाली, परंतु ती बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरतीच मर्यादित आहे. उधारीवर चालणाऱ्या या बाजारात हा भेद महत्त्वाचा आहे, कारण एकाच छपराखाली चिरकाम व विक्री दोन्ही चालतात आणि बांधकाम व्यावसायिकाकडे अडकलेली रक्कम कोणत्या कामाची, हे बिलावरून ठरते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून इमारती लाकडावर १८ टक्के कर आहे, तर जळाऊ लाकूड करमुक्त आहे.

सुतारांची स्थिती याहून वेगळी आहे. ते बहुधा कामापुरते लाकूड विकत घेतात व मजुरीवर जगतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश असून तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंतचे तारणमुक्त कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते.

आगीचा धोका

सुके लाकूड, भुसा, विजेची यंत्रे आणि अरुंद मोकळी जागा यांमुळे लाकूड बाजारात आगीचा धोका कायम असतो. एका वखारीची आग शेजारच्या वखारीत सहज पसरते. महानगरपालिकेचे एक अग्निशमन केंद्र लकडगंज येथे आहे. आरागिरण्यांच्या भोवती निवासी वस्ती वाढल्याने आवाज, धूळ व अवजड वाहनांची वर्दळ या तक्रारींनाही वजन आले आहे. मात्र बाजार दूर गेल्यास हातगाडीवर चार फळ्या नेणाऱ्या सुताराचा वाहतूक खर्च वाढतो, आणि परवान्याच्या अटींमुळे एकट्या गिरणीमालकाला स्थलांतर करणे सोपे नाही.