परक्या घरचें पोर

आकाशांतून आलेलें एक अर्भक निपुत्रिक शेतकरी जोडप्याच्या पदरीं पडतें, तीं दोघें त्याला पोटच्या पोराप्रमाणें वाढवितात, आणि पुढें त्याच्या अंगचें अमानुष बळ दुबळ्यांच्या रक्षणास लागतें, ही सुपरमॅनची कथा १९३८ पासून अमेरिकेंत घरोघरीं रुजली आहे. २०१९ सालीं तेथेंच निघालेल्या 'ब्राइटबर्न' या चित्रपटानें ती उलटी करून दाखविली. पोर तेंच, जोडपेंहि तसलेंच. मात्र बाराव्या वर्षीं आपल्या बळाची जाणीव होतांच हा मुलगा गांवाचा आणि खुद्द आईबापांचा काळ होतो. गंमत अशी कीं, सुपरमॅनच्या जनकांपैकीं जेरी सीगल यांनीं १९३३ सालीं त्याच नांवाची जी पहिली गोष्ट लिहिली, तिचा नायक खलपुरुषच होता. म्हणजे वीराच्या जन्मकथेंत ही भीति प्रथमपासूनच दडलेली होती : परक्या रक्ताचें पोर आपण पोसलें, तें उद्यां काय होईल?

हा प्रश्न वऱ्हाडाच्या इतिहासानेंहि एकदां विचारला आहे. त्याचें उत्तर मात्र त्या चित्रपटाहून निराळें आलें, म्हणून तें वाचकांपुढें मांडावेंसें आम्हांस वाटतें.

फेरिस्ता या इतिहासकारानें असें लिहून ठेवलें आहे कीं, विजयनगरच्या राज्यांतील एका ब्राह्मणाचा मुलगा बहामनी सैन्याच्या हातीं लागला. वऱ्हाडचा सरसेनापति खान-इ-जहान याच्या पदरीं तो वाढला आणि फत्तेउल्ला या नांवानें पुढें आला. फेरिस्ता शंभर वर्षांनंतर लिहीत होता, हें ध्यानांत ठेवूनच ही हकीकत वाचली पाहिजे. परंतु शत्रूच्या मुलखांतून आणलेलें हें पोर पुढें इमाद-उल्-मुल्क हा किताब मिळवून वऱ्हाडचा सुभेदार झालें, आणि १४९० च्या सुमारास अचलपुरास इमादशाही स्थापून बसलें, याविषयीं वाद नाहीं.

ज्या घरानें पोसलें त्याच घराविरुद्ध हा उठला, असें म्हणणारा म्हणेल. पण तत्पूर्वीं त्या घरांत काय चाललें होतें? १४८१ सालीं दुसऱ्याच्या कपटलेखावर विश्वासून सुलतान महंमदशहानें आपला वृद्ध व कर्तबगार वजीर महमूद गवान याचा शिरच्छेद करविला. त्यानंतर फत्तेउल्ला व युसुफ आदिल हे सुलतानाच्या जवळ जाण्यासहि धजेनात. त्यांनीं आपल्या छावण्या दूर ठेवल्या. येथें भीति पोसलेल्या पोराची नव्हती. ती पोसणाऱ्या धन्याची होती. शिवाय राज्य हातीं आल्यावरहि फत्तेउल्ला बेदरवर तुटून पडला नाहीं. तो आपल्या वऱ्हाडांत राहिला आणि १५०४ सालीं वारला.

अचलपुराच्या वायव्येस सातपुड्यांत गाविलगड आहे. या गडाची दुरुस्ती फत्तेउल्लानें १४८८ सालीं केली. त्याच्या दिल्ली दरवाज्यावर हत्तींना धरलेला दुतोंडी पक्षी, म्हणजे गंडभेरुंड, कोरलेला आहे. विजयनगरशीं निगडित असलेल्या या चिन्हाचा संबंध अभ्यासकांनीं फत्तेउल्लाच्या जन्मभूमीशीं जोडला आहे. हा तर्क खरा असेल तर बंदी म्हणून आणलेला तो मुलगा आपलें मूळ विसरला नव्हता. पण त्या आठवणीचा त्यानें सूड केला नाहीं, शिल्प केलें.

मग या घराण्याच्या कथेंत भयानक वळण आलें तें कोठून? परक्या रक्तांतून नव्हे. तें भरंवशाच्या माणसाकडून आलें. १५६२ सालीं दर्या इमादशहा वारला व त्याचा अल्पवयी मुलगा बुऱ्हाण गादीवर बसला. राज्य सांभाळावें म्हणून कारभार तुफालखानाच्या हातीं होता. या पालनकर्त्यानें बालराजास नरनाळ्याच्या किल्ल्यांत कोंडलें आणि राज्य स्वतः गिळलें. तेव्हां 'बुऱ्हाणास सोडवितों' असें म्हणत अहमदनगरचा मूर्तजा निजामशहा वऱ्हाडांत उतरला. १५७४ सालीं नरनाळा पडला, तुफालखान पकडला गेला. पण बुऱ्हाण सुटला नाहीं. सोडविणाऱ्यानें त्यालाहि तुफालखानाबरोबर आपल्या किल्ल्यांत डांबलें. तेथेंच दोघांचा शेवट झाला, आणि वऱ्हाड निजामशाहींत गेलें.

या हकीकतींत राक्षस म्हणावेत असे दोघे निघाले, आणि दोघेहि रक्षक म्हणूनच पुढें आले होते. 'ब्राइटबर्न' आपल्याला आकाशांतून आलेल्या मुलाकडे संशयानें पाहावयास लावतो. अचलपूरचा इतिहास बोट दाखवितो तें दुसरीकडे. ज्याच्या जन्माची शंका घ्यावी, तो फत्तेउल्ला आपल्या मर्यादेंत राहिला. कारण बेदर, अहमदनगर, विजापूर असे तुल्यबळ शेजारी त्याच्या भोंवतीं होते. ज्यांच्याविषयीं कोणी शंका घेतली नाहीं, त्यांना एका अल्पवयी मुलासमोर जाब विचारणारा कोणीच उरला नव्हता.

आजहि गांवांत, संस्थेंत, राज्यांत नवा बलवान पुरुष आला कीं आपण त्याची जात, कूळ आणि गांव विचारतों. त्याऐवजीं त्याला अडविणारा कोण आहे, हें आधीं विचारावें. तो प्रश्न कोणीं विचारला असता, तर किल्ल्यांच्या तटाआड एका मुलाचें आयुष्य कदाचित् सरलें नसतें.