काचेच्या ताटलीतली हवा

वांगं चिरून थोडा वेळ तसंच ठेवलं, तर त्याच्या फोडी काळ्या पडतात. म्हणून आपल्या घरातली बाई चिरता चिरता त्या पाण्यात टाकते. सफरचंदाच्या फोडींना मात्र ती लिंबू लावते. पाण्यामुळे हवा दूर राहते. लिंबू हवेचा मारा स्वतःवर घेतं. मानवी गर्भ शरीराबाहेर, काचेच्या ताटलीत वाढवताना शास्त्रज्ञांना नेमक्या याच दोन युक्त्या नव्याने शोधाव्या लागल्या. त्या शोधाची हकिकत आज सांगायची आहे.

ही हकिकत वर्ध्याच्या माणसालाही जवळची आहे. सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं, ते आधी स्त्रिया आणि मुलांसाठी. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पुढे जवळच सावंगीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय झालं आणि आज तिथे टेस्ट ट्यूब बेबी केंद्रही आहे. एकेकाळी मुंबईचीच समजली जाणारी ही विद्या आता आपल्या जिल्ह्यात आहे. म्हणून ती समजून घेणं ही आपलीही गरज आहे.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईस ब्राऊन जन्मली. शरीराबाहेर गर्भधारणा होऊन जन्मलेलं ते जगातलं पहिलं मूल. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीचं ते फळ. अवघ्या दोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं काम होतं.

या बातम्यांत डॉक्टरांची नावं आली, बाळांची नावं आली. ज्या थेंबभर द्रवात ते गर्भ पहिले काही दिवस वाढले, त्याची चर्चा फारशी झाली नाही. या द्रवाला कल्चर मीडियम म्हणतात. सुरुवातीच्या काळात त्यात क्षार, साखर, पायरुव्हेट आणि बरेचदा त्या स्त्रीच्याच रक्तातलं सीरम घालत. ताटली ठेवायची पेटी म्हणजे इनक्युबेटर. त्यात ३७ अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी साधी हवा, अशी व्यवस्था पुष्कळ प्रयोगशाळांनी केली. एका सिलिंडरवर भागत असल्याने ती स्वस्त आणि सोपी होती.

अडचण ‘साध्या हवे’तच होती. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. पण गर्भ जिथे पहिले दिवस काढतो, त्या गर्भनलिकेत तो साधारण दोन ते आठ टक्केच असतो. ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू, तो जास्त मिळाला तर काय बिघडणार, असं आपल्याला वाटतं. पण पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा त्यातून काही उपद्रवी रेणू तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. ते पेशीच्या आवरणाला आणि आतल्या डीएनएला इजा करतात. आईच्या शरीरात या रेणूंना आवरणारे पदार्थ, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, गर्भाच्या भोवती असतात. ताटलीत तो एकटा पडतो; त्यातच प्रयोगशाळेतल्या प्रकाशाची आणि हाताळणीची भर.

पहिली युक्ती होती वांगं पाण्यात टाकण्याची, म्हणजे हवाच कमी करण्याची. उंदरांच्या गर्भांना पाच टक्क्यांच्या आसपासचा ऑक्सिजन मानवतो, हे सत्तरच्या दशकातच दिसलं होतं. पण त्यासाठी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हटवणारी महागडी पेटी लागते, आणि माणसांच्या बाबतीत खात्रीचा पुरावा जमायला वेळ लागला. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा, की जिथे साध्या हवेत शंभरांपैकी ३० जणींना मूल होतं, तिथे कमी ऑक्सिजनमध्ये ते प्रमाण ३२ ते ४२पर्यंत जाऊ शकतं. पेटीतली हवा बदलून एवढा फरक पडू शकतो!

दुसरी युक्ती लिंबाची. मीडियममध्येच अँटिऑक्सिडंट घालायचे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या डेव्हिड गार्डनर यांच्या गटाने असिटिल कार्निटिन, असिटिल सिस्टिन आणि लिपोइक आम्ल अशी तीन द्रव्यं एकत्र वापरून पाहिली. २०१६ मध्ये त्यांनी उंदरांच्या गर्भांवरचे निष्कर्ष मांडले. ते आशादायक होते. २०२०मध्ये जपानमधल्या स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच स्त्रीची बीजं निम्मी निम्मी वाटून दोन मीडियममध्ये वाढवली होती. फायदा दिसला तो विशेषतः ३५ ते ४० वयाच्या स्त्रियांत. पण एवढ्यावरून सगळ्यांसाठी निकाल लागत नाही. शिवाय गर्भाला वाढीच्या संदेशांसाठी थोडे फ्री रॅडिकल लागतातही. ते पार पुसून टाकले तर अपायच होईल. अति तिथे माती, हे इथेही खरं.

अँटिऑक्सिडंट हा शब्द आता औषधाच्या दुकानातही पोचला आहे. मूल व्हावं म्हणून गोळ्या विकल्या जातात. मात्र २०२० मध्ये अमेरिकेत पुरुषांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा गोळ्यांनी ना शुक्राणूंची प्रत सुधारली, ना गर्भधारणा वाढली. ताटलीतला थेंब वेगळा आणि पोटातली गोळी वेगळी.

यात पणाला लागलेलं असतं ते एखाद्या जोडप्याचं आयुष्य. आर्वीचं किंवा हिंगणघाटचं जोडपं उपचाराला येतं, तेव्हा बायकोला गावाने ‘वांझ’ म्हणून झालेलं असतं, मग दोष कुणात का असेना. पैसा कर्जाचा असतो. अशा वेळी ‘हे जास्तीचं घेतलं तर यश नक्की’ असं कुणी म्हटलं, तर नाही म्हणायचं बळ कुठून येणार? २०२१च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, हे चांगलं झालं. पण विचारायचं ते आपणच विचारायला हवं. इथे गर्भ कमी ऑक्सिजनमध्ये वाढवतात का? या जास्तीच्या उपायाचा माझ्या वयाच्या बाईला फायदा झाल्याचं कुठे दिसलं आहे? त्याचे वेगळे पैसे किती?

जाता जाता पुन्हा कोलकात्याकडे वळतो. डॉ. मुखर्जींचा दावा सरकारी समितीने मानला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे आनंद कुमारांच्या हाती त्यांची कागदपत्रं आली. ती नीट वाचून १९९७ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिलं, की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा. हा मान तोवर हर्षाच्या जन्मामुळे खुद्द आनंद कुमारांकडेच होता! पुरावा न पाहता नाकारलं, तर असा माणूस जातो. पुरावा न पाहता स्वीकारलं, तर गरिबाचं शेत जातं. म्हणून पुरावा मागायला लाजू नये, आणि तो पुढे आला की मन लावून वाचावा.