हवानाची लय

पॅरिसच्या ऑपेरा-कोमिक रंगमंदिरात ३ मार्च १८७५ रोजी जॉर्ज बिझे याची ‘कार्मेन’ ही संगीतिका प्रथम रंगली. नायिकेच्या प्रवेशगीताची चाल त्याने लोकगीताची समजून उचलली होती. ती निघाली सेबास्तियान इरादियेर या स्पॅनिश संगीतकाराची. आणि तो तर १८६५ मध्येच निवर्तला होता. चूक ध्यानी येताच बिझेने छापील स्वरलिपीत मूळ गीताचा निर्देश केला, हे त्याला शोभलेच.

परंतु त्या लयीचा जनक इरादियेर तरी होता काय? ती ‘हाबानेरा’, म्हणजे हवानाची. युरोपातील काँत्रदाँस हे नृत्य अटलांटिक ओलांडून क्यूबात पोचले होते. शेजारच्या हैतीत १७९१ साली गुलामांनी बंड पुकारले, तेव्हा परागंदा मळेवाले व त्यांनी सोबत आणलेले दास पूर्व क्यूबात उतरले आणि या नृत्याला नवा जोम आला. क्यूबात वादनाचा व्यवसाय तेव्हा बहुतांशी कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय वादकांच्या हाती होता. त्यांनी युरोपची सरळ चाल वाकविली. आवर्तनाचे आठ अंश कल्पिले, तर आघात तीन, एक, दोन, दोन अशा अंतरांनी पडतात. तालाशी परिचित श्रोत्यांनी हातावर मोजून पाहावे, त्यातील झोका तत्काळ जाणवेल. त्या वादकांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही स्वरलिपीत नाहीत.

पुढे हीच लय ब्वेनोस आयरेसच्या टँगोत शिरली. आणि १९१४ साली ‘सेंट लुई ब्लूज’ रचताना डब्ल्यू. सी. हँडी या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकाराने तिलाच गीतात स्थान दिले.