चंद्रपूर
महाराष्ट्रातील जिल्ह्याचे ठिकाण व दगडी कोळशाच्या व्यापारावर वाढलेले शहर. इरई व झरपट नद्यांच्या संगमाजवळ वसलेली ही गोंड राजांची राजधानी. १९६४ पर्यंतचे नाव चांदा. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर हे तटाचे चार दरवाजे आजही उभे असून जटपुरा दरवाजाभोवतीच बाजार गजबजलेला असतो.

आधुनिक शहर मात्र कोळशाने घडवले. वर्धा खोऱ्यात १८७० च्या दशकात वरोरा येथे खाण सुरू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला; पुढे बल्लारपूर, घुग्घूस, दुर्गापूर येथे खाणी निघाल्या. राष्ट्रीयीकरणानंतर त्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. दुर्गापूरच्या खुल्या खाणीशेजारीच २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा, पाणी व चुनखडी जवळ असल्याने सिमेंट व कागद उद्योगही परिसरात आले. महानगरपालिका २०११ मध्ये झाली.

या भरभराटीची किंमत स्थानिकांनी मोजली आहे, आणि ती नोंदवलीच पाहिजे. हवेत राख, धूळ. खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर नाल्यांचे प्रवाह अडवतात. घुग्घूसमध्ये २०२२ साली खाणीमुळे जमीन खचून एक घर गडप झाले. खाणींपलीकडे शहराची धार्मिक ओळखही आहे: चैत्रात येथील महाकाली देवीच्या यात्रेसाठी मराठवाडा व तेलंगणातून भाविक येतात.