किशोरमनातील अंतर्द्वंद्व : प्रस्तावना

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. त्यांतल्या जैन बोर्डिंगात कुंभोजचे भाऊराव पाटील राहत होते. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितले गेले, त्यांनी ती केली नाही आणि बोर्डिंग सुटले, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. समाजसुधारणेच्या इतिहासातला हा प्रसंग मानसशास्त्राच्या पहिल्याच तासाला सांगावा, असे मला वाटते. ज्या छपराखाली जेवायचे-झोपायचे तिथली रीत एकीकडे आणि मनाला पटलेले दुसरीकडे. या ओढाताणीतच माणूस घडू लागतो. भाऊराव तेव्हा विशीत पोचले होते. पण हे मंथन वयाचा दाखला बघून थांबत नाही. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली.

एरिक एरिक्सन यांनी १९५० साली ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या ग्रंथात ‘मी कोण?’ हा किशोरवयाचा मुख्य पेच मानला. त्यापुढचे जेम्स मार्सिया यांचे १९६६ चे काम मला आपल्याकडे अधिक उपयोगी वाटते. मुलाने स्वतः धुंडाळले का आणि कशाला तरी बांधून घेतले का, असे दोन प्रश्न ते विचारतात. न धुंडाळताच घरचे उत्तर उचललेली मुले त्यांत वेगळी दिसतात. अशा मुलाला आपण ‘गुणी’ म्हणतो आणि निश्चिंत होतो. तिथेच आपली नजर कमी पडते.

कोल्हापूरच्याच गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत खेड्यातून आलेला एखादा पोरगा डोळ्यांपुढे आणा. पहाटे उठून जोर-बैठका, मग लाल मातीत लढत. घरून येणाऱ्या खुराकाच्या पैशांमागे बापाचे कष्ट आहेत, हे त्याला ठाऊक असते. कुस्ती हवीशी आहे आणि तिची धास्तीही आहे. एकाच गोष्टीची ओढ आणि भीती, या संघर्षाची मांडणी कुर्ट लेविन यांनी केली. ध्येय जवळ येते तशी भीती ओढीपेक्षा वेगाने वाढते, हे नंतर नील मिलर यांनी दाखवले. म्हणून मैदान तोंडावर आले की हाच पोरगा चिडचिडा होतो, दुखण्याचे निमित्त काढतो. वस्ताद त्याला आळशी ठरवतात. खरे तर त्याच्या मनात त्या वेळी सगळ्यात जास्त काम चाललेले असते.

शिक्षक, पालक आणि वस्ताद यांनी हा विषय जरूर अभ्यासावा. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. दहावीनंतरची शाखा किंवा तालीम ठरवण्याआधी मुलाला, मुलीला एकदा मध्ये न तोडता पूर्ण बोलू द्या.