अल्सा : कर्नलप्रवेश आणि पॅकेजांचे अवलंबित्व

साउंड कार्ड चालवणारे ड्रायव्हर स्वतंत्र पॅकेजातून निघून लिनक्स कर्नलच्या मूळ संहितेत गेले, की त्या पॅकेजवर विसंबलेल्या बाकीच्या पॅकेजांच्या अटी नव्याने मांडाव्या लागतात. याचे ठळक उदाहरण म्हणजे अल्सा, अर्थात अॅडव्हान्स्ड लिनक्स साउंड आर्किटेक्चर. ही यंत्रणा २००२ मध्ये कर्नलच्या २.५ या विकासमालिकेत आली आणि डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६ मध्ये तिने ओएसएस या आधीच्या यंत्रणेची जागा घेतली. या नोंदीत भर डेबियन या वितरणावर आहे. जून २००५ च्या ३.१ या आवृत्तीत, म्हणजे ‘सार्ज’मध्ये, डेबियनने २.४ आणि २.६ अशी दोन्ही कर्नल एकत्र नांदवली. पॅकेज-पद्धतीच्या मर्यादा तिथे जितक्या उघड झाल्या तितक्या क्वचितच कुठे झाल्या असतील.

ओएसएसचा उगम हन्नू सावोलाइनेन यांनी १९९२ मध्ये साउंड ब्लास्टर कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरात आहे. तिचा मुक्त भाग कर्नलमध्ये राहिला आणि पुढचा विकास व्यावसायिक परवान्याखाली गेला. यारोस्लाव किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डाच्या ड्रायव्हरपासून सुरू केलेले काम १९९८ च्या सुमारास अल्सा म्हणून उभे राहिले. पुढची काही वर्षे ती कर्नलच्या बाहेरच वाढली. त्या काळात तिचे तीन भाग वेगवेगळ्या पॅकेजांतून मिळत : कर्नलमध्ये चढवायची मॉड्यूल, प्रोग्रॅमांनी वापरायची लायब्ररी, आणि मिक्सरसारखी साधने.

यांपैकी लायब्ररी आणि साधने निरुपद्रवी होती. डोकेदुखी होती ती मॉड्यूलांची. डेबियनमध्ये ‘अल्सा-सोर्स’ हे पॅकेज घेऊन मॉड्यूल घरच्या घरी कंपाइल करावी लागत, नाहीतर तयार पॅकेज शोधावे लागे. तयार पॅकेजाचे नाव अल्सा-मॉड्यूल्स-२.४.२७-२-३८६ असे लांबलचक असे. त्यातले २.४.२७ म्हणजे कर्नलची आवृत्ती, ३८६ म्हणजे प्रोसेसरचा प्रकार, आणि मधला २ हा डेबियनने स्वतः ठेवलेला क्रमांक. सुरक्षेच्या एखाद्या दुरुस्तीने कर्नलची आतली रचना बदलली, की हा क्रमांक वाढे आणि आधी बांधलेली मॉड्यूल नव्या कर्नलवर चढेनाशी होत. कर्नलच्या आतले दुवे स्थिर ठेवायचे नाहीत, हे लिनक्सच्या विकासकांनी जाणूनबुजून ठरवलेले धोरण आहे. संहिता आत असेल तर दुवा बदलणाराच तिथली दुरुस्तीही करतो. बाहेर असेल तर ते काम पॅकेज सांभाळणाऱ्याच्या गळ्यात पडते. ड्रायव्हर आत जाण्याचा खरा फायदा हाच.

पण फायदा होताच जुन्या अटी खोट्या ठरतात. समजा, ‘अल्सा-बेस’ या पॅकेजाने ‘अल्सा-मॉड्यूल्स हवेच’ असे लिहून ठेवले आहे. २.६ वापरणाऱ्याकडे ती मॉड्यूल कर्नलबरोबरच आलेली असतात, पण त्या नावाचे पॅकेज त्याच्याकडे नसते; मग पॅकेजे बसवणारे डीपीकेजी स्थापना अडवते किंवा अटींनुसार पॅकेजे शोधून आणणारे एपीटी २.४ ची नको असलेली मॉड्यूल ओढून आणते. अट काढून टाकली, तर २.४ वाला मुका राहतो. यावर सुचणारा तोडगा म्हणजे आभासी पॅकेज : कर्नलच्या पॅकेजानेच ‘अल्सा-मॉड्यूल्स मी पुरवतो’ असे जाहीर करावे. कागदावर हा तोडगा सुबक आहे. मात्र त्या काळी डीपीकेजीला अशा आभासी नावाची आवृत्ती तपासताच येत नसे. ती सोय २०१४ मध्ये आली. त्यातच सार्जनंतर डेबियनने कर्नलच्या पॅकेजांचे ‘कर्नल-इमेज’ हे नाव बदलून ‘लिनक्स-इमेज’ केले, त्यामुळे नावावर बेतलेली प्रत्येक अट पुन्हा तपासणे आले.

मूळ अडचण याहून खोल आहे. पॅकेज-व्यवस्थापकाला डिस्कवर काय ठेवले आहे ते कळते, पण या क्षणी कोणते कर्नल चालू आहे ते कळत नाही. एकाच यंत्रावर तीन कर्नल असू शकतात, २.६ चे पॅकेज हजर असल्याने अट पुरी होते, आणि वापरकर्ता सुरुवातीच्या यादीतून २.४ निवडतो. स्वतः कंपाइल करून थेट बसवलेले कर्नल तर डीपीकेजीच्या दप्तरी नसतेच. म्हणून वापरकर्त्याच्या पातळीवरील पॅकेजाने कर्नलवर कडक अट घालू नये, फार तर शिफारस करावी आणि हवी ती क्षमता आहे की नाही हे प्रोग्रॅम सुरू होताना पाहावे, हीच रीत टिकली. ती ढिली वाटते, पण कडक अटीपेक्षा प्रामाणिक आहे.

ही ढिलाई परवडते, कारण कर्नल आणि लायब्ररी यांच्यामधला करार वेगळ्या जातीचा आहे. कर्नलचा आतला भाग कितीही हलला, तरी बाहेरच्या प्रोग्रॅमांना दिसणारी बाजू मोडायची नाही, हा नियम लिनक्समध्ये कसोशीने पाळला जातो. शिवाय अल्साची लायब्ररी उपकरण उघडताना कर्नलकडून प्रोटोकॉलचा क्रमांक मागून घेते आणि तो जुळत नसेल तर तिथेच थांबते. हे काम पॅकेजाच्या अटीला कधीच जमले नसते.

स्थलांतरानंतर मागे उरलेल्या वस्तूंचा त्रासही कमी नव्हता. एकाच कार्डासाठी ओएसएस आणि अल्सा असे दोन ड्रायव्हर कर्नलमध्ये असल्यामुळे कोणता आधी चढेल याचा नेम नसे. त्यासाठी ‘लिनक्स-साउंड-बेस’ हे पॅकेज निघाले. नको असलेल्या बाजूची मॉड्यूल काळ्या यादीत टाकणे एवढेच त्याचे काम. याहून फसवा प्रकार म्हणजे कर्नलबाहेर बांधलेले मॉड्यूल ‘अपडेट्स’ या फोल्डरात पडून राहणे. मॉड्यूल शोधताना सामान्यतः या फोल्डराला अग्रक्रम असतो. त्यामुळे कर्नलबरोबर आलेली दुरुस्त संहिता बाजूला राहते आणि जुनेच मॉड्यूल चढते. आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवी : अल्सात सुरुवातीला सर्व वाहिन्या मूक असतात. सगळी पॅकेजे जागेवर, मॉड्यूल चढलेले, आणि आवाज नाही. इलाज म्हणजे अल्सा-मिक्सर उघडून एम ही कळ दाबणे.

फेडोरा या वितरणाने मे २००४ च्या ‘कोअर २’मध्ये थेट २.६ स्वीकारले, त्यामुळे हा गुंता तिथे फार रेंगाळला नाही. जेंटू या वितरणात पॅकेज बांधतानाच कर्नलची कॉन्फिगरेशन तपासून गैरहजर पर्यायाबद्दल इशारा देता येतो. जिथे प्रत्येक जण स्वतःचे कर्नल बांधतो तिथे हे शोभते. डेबियनने एप्रिल २००७ च्या ४.० मध्ये २.४ ला निरोप दिला आणि अल्सा-मॉड्यूल्सचा प्रश्नच मिटला. नावे मात्र चिवट असतात : उबुंटूच्या २०२२ मधील आवृत्तीतही ‘अल्सा-बेस’ आहे. त्यात ड्रायव्हर नाहीत, सेटिंगच्या फाइली आहेत, आणि त्याचा क्रमांक १.०.२५ वरच थांबलेला आहे.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये हाच पेच उलट्या दिशेने आला आहे. इंटेलच्या अनेक चिपसंचांत ध्वनीचे काम वेगळा सिग्नल-प्रोसेसर करतो. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, पण त्या प्रोसेसरवर चालणारे साउंड ओपन फर्मवेअर डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ या वेगळ्या पॅकेजातून येते, आणि स्पीकर, हेडफोन, मायक्रोफोन यांची मांडणी सांगणाऱ्या यूसीएम फाइली २०१९ पासून लायब्ररीपासूनही वेगळ्या काढल्या आहेत. ड्रायव्हर, फर्मवेअर आणि यूसीएम या तिन्हींना बांधणारी कडक अट नसते. फर्मवेअर नसेल किंवा कर्नलला चालणारे नसेल, तर कर्नलच्या नोंदवहीत त्रुटीचा संदेश उमटतो आणि सेटिंगमध्ये खऱ्या उपकरणाऐवजी ‘डमी आउटपुट’ दिसते. म्हणून बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी नवी पॅकेजे पुरवणाऱ्या डेबियनच्या साठ्यातून, नवे कर्नल घेताना फर्मवेअरचे आणि यूसीएमचे पॅकेजही तिथूनच घेतलेले बरे. एपीटी ते आपणहून सुचवेलच याची खात्री नसते.