पॅसिफिक ड्राइव्ह: नवीन असाल तर गाडी धडपणे घरी कशी आणायची?

गाडीचा गेम म्हटलं की आपलं बोट आधी अ‍ॅक्सिलरेटरवर जातं. अ‍ॅस्फाल्ट, नीड फॉर स्पीड यांनी लावलेली ही सवय आहे. पॅसिफिक ड्राइव्ह खेळायला बसलात तर पहिल्या तासाभरातच ती मोडावी लागते. इथे शर्यत नाही, दुसरा ड्रायव्हर नाही, हातात बंदूकही नाही. एक जुनी खटारा स्टेशन वॅगन आहे आणि बाहेर एक जंगल आहे, ज्यात भौतिकशास्त्राचे नियम नीट चालत नाहीत. जंगलात जायचं, भंगार गोळा करायचं आणि गाडीसकट परत यायचं. यातलं तिसरं काम सगळ्यात अवघड. नवीन खेळाडू आपटतो तोही तिथेच, म्हणून हा लेख मुख्यतः परत येण्याबद्दल आहे.

आधी थोडक्यात ओळख. सिएटलच्या आयर्नवुड स्टुडिओजने बनवलेला हा गेम २२ फेब्रुवारी २०२४ रोजी पीसी आणि प्लेस्टेशन ५ वर आला. गोष्ट घडते १९९८ मध्ये, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावर. ही जागा खरी आहे, सिएटलच्या पश्चिमेला, घनदाट आणि सतत ओलं जंगल असलेली. गेमच्या कथेत मात्र १९५५ मध्ये सरकारने नव्या तंत्रज्ञानाच्या प्रयोगांसाठी ती ताब्यात घेतली, प्रयोग हाताबाहेर गेले आणि सगळा भाग उंच भिंतींआड बंद झाला. तुम्ही त्या भिंतीच्या आत अडकलेले आहात. रेडिओवर ऑपी, टोबायस आणि फ्रान्सिस असे तीन जण बोलत राहतात. ऑपीचं गॅरेज हेच तुमचं घर.

एक महत्त्वाचं: हा गेम मोबाइलवर नाही. या नावाची एपीके फाइल कोणी पाठवली तर ती उघडूसुद्धा नका, आत काय असेल ते सांगता येत नाही. पीसीला १६ जीबी रॅम आणि किमान जीटीएक्स १०६० च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. होस्टेलवर मित्राच्या लॅपटॉपवर खेळणार असाल तर आधी एवढं बघून घ्या.

गाडीला गाडीसारखं वागवा

माझी पहिली फजिती सांगतो. उतारावर गाडी थांबवली, उतरलो, पडक्या घरात शिरून पिशवी भरली. बाहेर आलो तर गाडी जागेवर नाही! खाली झाडाला टेकून उभी होती, पुढचा बंपर गायब. झालं असं की मी गिअर पार्किंगला टाकलाच नव्हता. बाकीच्या गेममध्ये दार उघडून उतरलं की गाडी आपोआप थांबते. इथे किल्ली फिरवणं, गिअर टाकणं, हेडलाइट लावणं, वायपर चालू करणं, सगळं हाताने करायचं असतं.

त्यामुळे उतरताना एक क्रम अंगवळणी पाडा: गिअर पार्किंगला, इंजिन बंद, हेडलाइट बंद. इंजिन चालू ठेवून फिरायला गेलात तर पेट्रोल जळत राहतं, दिवे लावून गेलात तर बॅटरी उतरते. पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेला माणूस या गेममध्ये पाच मिनिटांत कधीच येत नाही. आणि अंधारात, पावसात, कुठूनतरी विचित्र आवाज येत असताना बॅटरी संपलेली गाडी म्हणजे काय, ते अनुभवल्यावरच कळतं.

गाडीचा प्रत्येक भाग वेगळा मोजला जातो. दारं, पॅनेल, बंपर, बोनेट, काचा, दिवे, चारही टायर, प्रत्येकाची तब्येत निराळी. एक टायर पंक्चर झाला की स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागतं. दार उखडलं गेलं तर बाहेरचा मार थेट तुम्हाला बसतो, कारण जंगलात ती गाडी हेच तुमचं चिलखत. बहुतेक संकटांत पळत सुटण्यापेक्षा आत बसून दार लावून घेतलेलं बरं.

निघण्याआधी गॅरेजमध्ये

इथे घाई करू नका. टाकी भरा, बॅटरी चार्ज करा, चारही बाजूंनी गाडीभोवती एक फेरी मारा. रिपेअर पुट्टी नावाची लेपासारखी वस्तू असते, ती फासली की पॅनेल, दारं दुरुस्त होतात. पंक्चरसाठी सीलिंग किट, इलेक्ट्रिकच्या बिघाडासाठी वेगळं किट. पुट्टी दोन-तीन आणि सीलिंग किट एक तरी डिकीत असल्याशिवाय मी निघत नाही. जागा असेल तर जास्तीचा टायर.

अवजारांपैकी स्क्रॅपर आणि पहार हवीच. स्क्रॅपर म्हणजे हातातलं कटर. रस्त्याकडेच्या मोडक्या गाड्या त्याने कापल्या की धातू, रबर, काच असा माल मिळतो. पहारीने कुलूपबंद डिक्या उघडतात. दोन्ही वापरून झिजतात, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. भरलेल्या गोदामासमोर स्क्रॅपर तुटला तर दुसरा हातात असावा. पेट्रोलचा कॅन पण घ्या, कारण पडलेल्या गाड्यांच्या टाकीतून तेल काढता येतं.

जाताना मात्र डिकी शक्य तितकी रिकामी. गॅरेजमध्ये लॉकर आहेत, अडीनडीला लागेल म्हणून सगळं सोबत नेण्याची आपली सवय इथे महागात पडते. फेरी फसली तर सोबतचा बराचसा माल जातो.

जंगलात काय दिसेल

याबद्दल फार सांगत नाही, निम्मी मजा त्यातच आहे. एवढंच की इथल्या गोष्टींशी लढायचं नसतं, त्यांच्यापासून वाट काढायची असते. रस्त्यावर उभे असलेले पुतळे, ज्यांना टुरिस्ट म्हणतात, धडक बसली की फुटतात. अ‍ॅबडक्टर हवेत उडतो आणि गाडीला केबल अडकवून फरपटत नेतो. जमिनीतून अचानक खांब वर येतात. नवीन काही दिसलं की आधी वेग कमी करा, लांबून स्कॅनर लावा, म्हणजे त्याची माहिती नोंदवहीत जमा होते. खांब वर येणाऱ्या पट्ट्यात ताशी ऐंशीने घुसायची हौस मला होती, एका फेरीत गेली.

गेटवे: इथेच फेरी जिंकता किंवा हरता

आता मुद्द्याचं. आलात त्याच रस्त्याने यू-टर्न मारून घरी येता येत नाही. परतीचं दार स्वतः उघडावं लागतं, त्याला गेटवे म्हणतात. नकाशावर काही ठिकाणी अँकर नावाचे चमकणारे गोळे दाखवलेले असतात. ते उचलून आणले की गाडीतल्या आर्क यंत्रात ऊर्जा भरते. पुरेशी भरली की नकाशावरचा एखादा गेटवे निवडून चालू करता येतो. चालू होताच दूर आकाशात प्रकाशाचा खांब उभा राहतो आणि त्याच क्षणी वादळ आत सरकायला लागतं. बीजीएमआयमधला आकसणारा झोन आठवा, साधारण तसंच, फक्त इथे अंगावर येतं ते जंगल. प्रकाशाच्या खांबात गाडी घातली की सुटलात.

म्हणजे बटण दाबण्याआधी तुमच्याकडे थोडा निवांतपणा आहे, दाबल्यावर अजिबात नाही. जे काही करायचं ते आधी करा. मी कटाक्षाने पाळतो तो क्रम असा: सगळं सामान डिकीत, टायर तपासलेले, पेट्रोल निम्म्याच्या वर, गाडीचं तोंड गेटवेच्या दिशेला. मग नकाशा मोठा करून रस्ता बघायचा. सरळ रेषेत जवळ वाटणारा गेटवे कधीकधी कड्याच्या पलीकडे असतो. तिथे पोचायला मोठा वळसा पडतो, नाहीतर जंगलातून गाडी आपटत न्यावी लागते. त्यापेक्षा थोडा लांबचा पण डांबरी रस्त्यालगतचा गेटवे चांगला. चिखलातून जायचंच असेल तर ऑफरोड टायर हवेत. साधे टायर तिथे नुसते फिरत बसतात.

आणि ऊर्जा भरल्यावर मोह होतो. "ते एक घर राहिलंय, तेवढं बघून येऊ." माझ्या फसलेल्या फेऱ्या आठवल्या तर जवळपास सगळ्यांच्या आधी हे वाक्य आहे. एकदा तर गेटवे चालू करून, खांब समोर दिसत असताना, रस्त्यात पडलेल्या गाडीची डिकी उघडायला उतरलो होतो. आत रबर होतं. रबर! गॅरेजमध्ये त्याचा ढीग पडला होता. तेवढ्यात वादळाने गाठलं, तासाभराची कमाई गेली आणि ज्या अपग्रेडसाठी निघालो होतो ते पुढच्या शनिवारवर पडलं.

त्यामुळे निघतानाच ठरवा की आज काय आणायचं आहे. फॅब्रिकेशन स्टेशनवर पुढच्या अपग्रेडला काय लागतं ते बघून ठेवा, म्हणजे ते मिळालं की गेटवेकडे वळायला कारण असतं. सुरुवातीच्या फेऱ्या बाहेरच्या झोनमध्ये, छोट्या रस्त्याने करा. मधला आणि आतला झोन कुठे पळून जात नाहीत.

गाडीच्या खोडी

काही फेऱ्यांनंतर गाडी चमत्कारिक वागायला लागते. वायपर लावला की दिवे बंद, दार उघडलं की हॉर्न, अशा धाटणीचं काहीतरी. या क्वर्कना मी खोडी म्हणतो. गॅरेजमधल्या टिंकर स्टेशनवर तुम्हाला "हे केलं की ते होतं" असं वाक्य जुळवून निदान करायचं असतं. निदान बरोबर आलं तर ती खोडी काढण्याचा उपाय कळतो.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी हा घरचाच अभ्यास आहे. बग सापडत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तेच इथे. गाडी गॅरेजमध्ये उभी करा आणि एकेक करून दार, दिवे, वायपर, रेडिओ, गिअर हलवून बघा. काही झालं तर तीच कृती पुन्हा करा. दोन्ही वेळा तसंच झालं तर धागा सापडला. काही खोडी मात्र गाडी चालत असतानाच दिसतात, त्यासाठी पुढच्या फेरीत लक्ष ठेवा. अंदाजपंचे वाक्यं भरत बसू नका, प्रयत्न मोजकेच मिळतात. ज्या खोडीचा त्रास नाही ती राहू दिली तरी चालते. माझ्या गाडीचा हॉर्न मी कितीतरी दिवस तसाच ठेवला होता.

सगळं गेलं तर

जाईलच कधीतरी. फेरी फसली की तुम्ही मोडकी गाडी घेऊन गॅरेजमध्ये परत येता, डिकी रिकामी. तेव्हा गेम बंद करायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, सेटिंगमध्ये जा. फसलेल्या फेरीत सामान जावं की नाही, गाडीला मार किती बसावा, असे पर्याय वेगवेगळे बदलता येतात. नोकरी-कॉलेज सांभाळून आठवड्याला दोन-तीन तास खेळणाऱ्याने ते वापरले तर त्यात कमीपणा कसला? दुसरं, गॅरेजमधल्या फ्रेंडली डम्पस्टरकडे जा. नाव कचराकुंडीचं आहे, पण अडचणीत असलात की ती तुम्हाला सुरुवातीचं थोडंफार सामान देते. त्यातून निदान पुट्टी आणि स्क्रॅपर उभे राहतील. मग सगळ्यात जवळचा, आधी पाहिलेला रस्ता निवडा आणि फक्त धातू आणि रबर गोळा करून या. हो, या वेळी त्या रबराला किंमत आहे.